पिशाच्चाच्या लव्हस्टोरीवर मत द्यायचंय? मग आधी पुस्तक मिटा

पहिलं काम, पुस्तक मिटा. उघडलंच नसेल तर उत्तमच. वाचून दिलेल्या मतात "पण" फार येतात, आणि आपल्या बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटावर गाड्या तुंबल्यात, पाऊस लागलाय, शेजारच्या स्कूटरवर ओळखीची बाई आहे आणि गेट उघडायच्या आत तुम्हाला तुमची आवडनिवड दाखवायचीय, तिथं "पण"ला जागा कुठंय ओ. 'ट्वायलाइट'वाल्या स्टेफनी मेयरचं नाव निघालं की नाक मुरडायचं आणि म्हणायचं, "ती होय, उन्हात चमकणाऱ्या पिशाच्चाची?" तेवढ्यात मालगाडी गेली, गेट वर झालं, तुम्ही साहित्यातले जाणकार झालात.

ज्यांना अगदीच काही माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते, एवढी पुरते, कुणी जास्त खोदून विचारलं तर फोन आल्यासारखं करा. बेला नावाची सतरा वर्षांची पोरगी फीनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या बारक्या गावात बापाकडं राहायला येते, तिथं सारखा पाऊस, आणि वर्गात एडवर्ड म्हणून एक देखणा मुलगा, तो निघतो रक्त पिणारा. जन्म १९०१ चा. १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत जायच्या बेतात होता, तेव्हा त्याला पिशाच्च केलं आणि वय सतरावर अडकलं ते अडकलंच. पहिलं पुस्तक 'ट्वायलाइट' २००५ साली आलं, म्हणजे तोवर हे गृहस्थ शंभरी ओलांडून अकरावीच्या बाकावर. आपल्या हिशोबात फर्स्ट पीयूसी. इथं थांबून "इतक्या वर्षात पीयूसी निघाली नाही काय ओ?" एवढं म्हणायचं. हमखास हशा. मी चार लग्नांत आणि एका बारशात वापरलंय.

मग पावसावर या, पाऊस हा आपला विषय आहे. मेयरबाई अॅरिझोनाच्या, म्हणजे वाळवंटातल्या. पिशाच्चाला ऊन चालत नाही (जळत नाही तो, हिऱ्यासारखा चमकतो आणि मग लोकांना कळतं), म्हणून भरपूर पावसाचं गाव पाहिजे होतं, ते त्यांनी इंटरनेटवर शोधलं आणि गाव न बघताच लिहायला घेतलं. फोर्क्सला वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणे. आंबोलीला त्याच्या दुप्पट पडतो, पण आंबोलीवर कुणी कादंबरी लिहित नाही, तिथं आपण कणीस खाऊन परत येतो. तर तुमचं मत असं, की एडवर्ड खानापूर-कणकुंबीकडं राहिला असता तर जून ते सप्टेंबर बिनघोर हिंडला असता, कुणाला चमकताना दिसला नसता, फार तर एखादी आजी म्हणाली असती पोरगं पांढरंफटक पडलंय, एकदा रक्त तपासून घ्या.

थोडा संस्कृतीचा अभिमानही मिसळायचा, त्याशिवाय मत जड होत नाही. "आपल्याकडं काय कमी भुतं आहेत?" हे वाक्य पाठ करा. मुंजा घ्या. पोराची मुंज झाली, लग्नाआधी गेला, पिंपळावर जाऊन बसला, वय तिथंच थांबलं, लग्नाची हौस तशीच राहिली. म्हणजे एडवर्ड काय, तर व्होल्व्होतून फिरणारा मुंजा. हे मला स्वतःला इतकं पटलंय की उपरोध बाजूला ठेवून सांगते, पिंपळावरच्या त्या पोरावर नीट रडवणारी प्रेमकथा आपल्यात कुणीतरी लिहायला पाहिजे होती, आपण त्याला नुसतं नारळ देऊन गप बसवलं. असो.

कानडी बाजूचंही विसरायचं नाही, आपण दोन्हीकडचे. जुना नियम असा की पिशाच्चाला घरातल्या कुणीतरी बोलवल्याशिवाय आत येता येत नाही, १८९७ च्या 'ड्रॅक्युला'तही हाच नियम आहे. नव्वदच्या दशकात कर्नाटकात लोक दारावर "नाळे बा" लिहायचे, म्हणजे उद्या ये, रात्री दार वाजवणारी भुतीण यायची, वाचायची, बरं म्हणून परत जायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. सरकारी ऑफिसचा इतका सोपा उतारा दुसरा बघितला नाही मी. आणि हा एडवर्ड? ना दार वाजवतो ना विचारतो, रात्री बेलाच्या खोलीत शिरून ती झोपलेली बघत बसतो. यावर दोन मतं तयार ठेवायची आणि समोर कोण आहे बघून काढायची. कॉलेजच्या पोरी असतील तर "किती जीव लावतो ना", आणि लेक वयात आलेला बाप असेल तर "आमच्या गल्लीत असता तर तंगडं मोडून हातात दिलं असतं". दोन्ही मतं एकाच लग्नात, एकाच पंगतीत, जिलेबी आणि मठ्ठ्याच्या मधे देता येतात. बघितलंय मी.

शाकाहाराचा मुद्दा श्रावणात काढायचा. एडवर्डच्या घरचे माणसाचं रक्त पीत नाहीत, जनावरांचं पितात, आणि आपापसात गमतीनं स्वतःला शाकाहारी म्हणवतात. यावर हसू नका, तोंड वाकडं करा. मग घरी जाऊन, श्रावण आहे म्हणून मटण नको, नुसता रस्सा घाला म्हणा.

आता खरं राजकारण. बेलावर जीव असलेला जेकब नावाचा दुसरा एक आहे, तो लांडगा होतो. जगभर पोरींचे दोन गट पडले, टीम एडवर्ड आणि टीम जेकब, टी-शर्ट निघाले, मैत्रिणी तुटल्या. आमच्या हॉस्टेलवर एका खोलीत दोन टीम होत्या आणि मधे दोरी बांधून कपडे वाळत घातलेले, त्याला आम्ही चेकपोस्ट म्हणायचो. सीमाभागातल्या माणसाला या भांडणात नवखं वाटायचं काहीच कारण नाही, आपण कुठल्या टीममधले हे आपल्याला १९५६ पासून विचारुलालेत. उलट तुम्ही थोडं वरच्या पट्टीत बोला. बेलाचा निकाल चार पुस्तकांत लागला, २००५ ला सुरू आणि २००८ ला निकाल हातात. आपली सीमाप्रश्नाची केस सुप्रीम कोर्टात गेली २००४ ला, पहिल्या पुस्तकाच्याही आधी. म्हणून म्हणते, आपल्याकडं एक तरी न मरणारा माणूस पाहिजे होता. १९०१ साली शहापुरात नाही पण बेळगावात जन्मलेला (शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, इथं कुणीतरी चूक काढणारच म्हणून आधीच सांगते). आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात, मग म्हैसूरमध्ये, १९७३ पासून कर्नाटकात आणि २०१४ पासून बेळगावीत. माणूस घरातून हललेला नाही आणि पत्ता इतक्या वेळा बदलला. त्याला साक्षीला उभं केलं तर निदान निकालापर्यंत टिकेल तरी.

मोठ्या माणसाच्या पाठीमागं उभं राहायचं असेल तर स्टीफन किंग आहेतच. त्यांनी २००९ मध्ये मेयरबाईंना लिहायला येत नाही असं उघड सांगून टाकलं होतं. हे ऐकलं की समोरचा गप. किंगचं तुम्ही काय काय वाचलंय असं कुणी विचारत नाही, एवढी माणुसकी आहे अजून.

वाचकांच्या मतानं काय होतं, मेयरबाई कुठं ऐकणार, असं म्हणून मागं हटू नका. बेला सारखी संकटात सापडते आणि हा तिला वाचवतो, बाईला असं बिचारी का केलं, अशी बोंब इतकी वर्षं चालली की बाईंनी २०१५ मध्ये तीच गोष्ट उलटी लिहिली, मुलगा माणूस आणि मुलगी पिशाच्च. त्यावर मत काय आलं? "काय गरज होती?" आणि एडवर्डच्या बाजूनं लिहिलेलं 'मिडनाइट सन' अर्धवट असतानाच २००८ मध्ये फुटलं, बाईंनी वैतागून बाजूला ठेवलं, लोकांनी बारा वर्षं द्या द्या म्हणून जीव खाल्ला, २०२० ला आलं तेव्हा त्याच लोकांनी सांगितलं, आता काय उपयोग, आमची पोरं शाळेत जातात. त्यांच्यापैकी एक मी. तरी लॉकडाऊनमध्ये रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते आणि नवऱ्याला सांगितलं की ऑफिसचं काम आहे.

एक मुद्दा मात्र चुकूनही काढू नका. जेकब ज्या क्विल्यूट लोकांतला दाखवलाय ते खरे लोक आहेत, तिथंच समुद्राकाठी ला पुशला राहतात, लांडग्यांपासून आपण माणूस झालो अशी त्यांची फार जुनी गोष्ट आहे, आणि पिशाच्चांशी वैर, करार वगैरे सगळं पुस्तकातलं, त्यांचं नव्हे. टी-शर्ट मात्र जगभर खपले. हे बोलायला लागलात तर तुम्हाला आठवेल की आपल्यावरही बाहेरची माणसं दोन दिवस राहून, किलोभर कुंदा बांधून घेऊन, इथल्या लोकांना काय वाटतं ते परस्पर लिहून मोकळी होतात, आणि मग तुमचा चेहरा गंभीर होईल. गंभीर चेहऱ्याला गेटावर कोण विचारतंय.

आणि सगळ्यात जपायचं ते आमच्या मामीसारख्या माणसांपासून. मामी वडगावची, शिक्षण कन्नड मीडियम, बोलणं मराठी, शिव्या दोन्ही. मी एकदा चेष्टेनं तिला 'ट्वायलाइट' दिलं, म्हटलं मत सांग, वाटलं दोन पानांत ठेवील. तर ही बाई डिक्शनरी घेऊन बसली. रोज दुपारी, भांडी झाल्यावर. "काय वाचुलालीस गं मामी, भुताचं?" म्हणून पोरं चिडवायची, ही मान वर करायची नाही. सगळं संपवून मला म्हणाली, "ती पोरगी आल्या आल्या बापाचं स्वयंपाकघर हातात घेते की गं. बाप मॅच बघतोय, मासे धरायला जातोय आणि ही रोज रांधतीय. तिकडं आईलापण हीच सांभाळत होती. आता जो जेवतच नाही असा पोरगा भेटला तर तिला आवडणार नाही तर काय होईल?"

मी पुस्तक तीनदा वाचलंय, मासा, बटाटे, सगळं डोळ्याखालून गेलेलं, कधी लक्षात आलं नाही. माझ्याकडं चमकण्यावर मत होतं, पीयूसीवर होतं, स्टीफन किंग होते. मामी पुढं म्हणाली, "बाकी ते रक्तबिक्त चालतंय, भांडी कमी पडतात बघ."

असली माणसं आपल्या ग्रुपमध्ये घेऊ नका. ती पुस्तक वाचून येतात आणि मग बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही. मी तर तेव्हापासून मामीसमोर कुठल्याच पुस्तकाचं नाव काढत नाही, आणि माझी ती प्रत अजून तिच्याकडंच आहे, चार महिने झाले. गेल्या आठवड्यात मुद्दाम वडगावला गेले, दारातूनच म्हटलं, मामी, पुस्तक दे की. आतून आवाज आला, "नाळे बा."