आत्याबरोबर लालबाग

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला झाडं दाखवायला बंगळूरला न्यायचं, ही कल्पना माझ्या चुलतभावाची. त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळससुद्धा जगत नाही, म्हणून त्याला झाडांचं भारी कौतुक. आत्या नंदगडची. तिच्या तालुक्याचं जंगल पार गोव्याच्या हद्दीला टेकतं. तरीही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून ती आणि मी लालबागेच्या दारात तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो.

"आत्या, 240 एकर आहे. 1760 साली हैदर अलीनं घालायला घेतली, पुढं टिपूनं वाढवली," भावानं सुरुवात केली.

"मग आता पाणी कोण घालतंय रं?" आत्या म्हणाली.

ऑगस्टचं पुष्पप्रदर्शन चालू होतं. काचघर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर 1889 साली उभारायला घेतलं, हे मला दारातच कळलं. आत काय आहे ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या वाट्याला पुढच्या गृहस्थाच्या खांद्यावर बसलेल्या पोराची चप्पल आली. ती दर दोन पावलांनी माझ्या चष्म्याला लागायची. फुलांचा वास येत होता, एवढं खात्रीनं सांगतो.

बाहेर आल्यावर भावानं तो प्रसिद्ध खडक दाखवला. तीनशे कोटी वर्षं जुना, वर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा बुरूज. "चढूया?"

"तीनशे कोटी वर्षं कुठं गेला न्हाई, आता च्या पिऊस्तवर कुठं जातोय?" आत्या बसलीच. दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचा दगड झालेला ओंडका आहे म्हटल्यावर तिनं तो लांबूनच बघितला. "चुलीला चालायचा न्हाई," हा तिचा शेरा. भूगर्भशास्त्रात मला एवढं सुटसुटीत वर्गीकरण अजून भेटलेलं नाही.

कैलासपतीपुढं मात्र ती थबकली. बुंध्यातूनच फुटलेल्या दोरांना लगडलेली फुलं, वर नागाच्या फडीसारखा पडदा, आत पिंडी. आत्यानं चपला काढल्या. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, असं भाऊ सांगायला लागला तर म्हणाली, "महादेवाला काय, कुठनंबी येईल."

आणि मग जास्वंद दिसली. दुहेरी पाकळ्यांची, पिवळी. नंदगडात अशीच शेजारणीच्या दारात आहे आणि शेजारीण फांदी देत नाही, हे प्रकरण आमच्या घरात सीमाप्रश्नाच्या खालोखाल चर्चिलं जातं. आत्या झाडाला पाठ करून उभी राहिली. आभाळाकडं बघत मला वेळ विचारली. हात मागं. अंगठ्याचं नख बरोबर पेराखाली. पर्समध्ये ओला रुमाल आणि दुधाची रिकामी पिशवी घरातूनच आलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

"अम्मा, कीळबेडि!" तोडू नका म्हणत रखवालदाराची शिट्टी वाजली.

"इल्ल री, सुम्म नोडाकत्तेनि," नाही हो, नुसती बघतेय, असं आमच्याकडच्या कन्नडात सांगत आत्या शांतपणे वळली.

रखवालदाराचा चेहराच बदलला. निघाला आमच्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा. पुढचा अर्धा तास पाऊस, सोयाबीन आणि त्याच्या मेव्हणीचं खानापुरातलं सासर यात गेला. भाऊ आणि मी कडेला उभे. आता हा स्वतः फांदी तोडून देतो की काय, असं वाटेपर्यंत गोष्ट आली. पण गडी पक्का. निरोप देताना त्यानं रोपं विकत मिळतात त्या दिशेला बोट केलं.

"फांदीला पैशे?" आत्या वाटभर धुमसत होती. तरी कुंडीसकट घेतलीच. वर घासाघीस करून मूठभर खत फुकट घातलं.

परतीच्या गाडीत खालचा बर्थ माझा होता. आत्यानं कुंडी त्यावर ठेवली, भोवती माझी शाल गुंडाळली आणि मला वर चढायला सांगितलं. टीसी आला, तिकिटं बघितली, शालीकडं बघितलं.

"हे कोण?"

"झोपू दे ओ," आत्या म्हणाली, "दमलंय."