‘कापड ते कापडच’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचा चुण्यांचा पारंपरिक पोशाख, ऑनलाइन शिवून घेण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांनी ती वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: पाकिस्तानातल्या सियालकोटचा तयार किल्ट ५०-६० पौंडांत घरपोच मिळतो, तरी मी लोकांना ५००-६०० पौंडांच्या खर्चात पाडतो आहे. लग्नाला एकदाच घालायचा तर तो भाड्याने आणावा. मराठी माणसाचा कुठला क्लॅन (स्कॉटिश कूळ) आणि कुठला टार्टन (किल्टचं ठरावीक रंगक्रमाचं चौकडीचं कापड)? भारतातून मागवणाऱ्याला जकात किती पडेल ते मी सांगितलेलं नाही. आणि या सगळ्याच्या आधी, अगदी पहिली ओळ: “कापड ते कापडच. एकाचा दर मीटरला २५ आणि दुसऱ्याचा ७५, तर तिप्पट का मोजायचे, हे ज्याने आयुष्यात माग पाहिला नाही त्याने वेबसाइटी चाळून आम्हाला शिकवू नये.”

जकातीचा मुद्दा रास्त आहे, तो आधी घेतो. स्कॉटलंडमधला विक्रेता परदेशी माल पाठवताना इथला २० टक्के व्हॅट वजा करू शकतो. मात्र भारतात पोचल्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो आणि तो बहुधा कुरियरवालाच दारात वसूल करतो. लेखात हे नव्हतं, आता जोडलं आहे. आभार.

आता ती पहिली ओळ. मतभेद मला चालतात. दर चुकीचे वाटले तर तसं लिहा, हिशोब मांडा, मी उत्तर देईन. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, त्याने काय पाहिलं आणि काय नाही हे परस्पर ठरवून टाकायचं, ही कुठली पद्धत? तुम्ही वीस वर्षं या देशात आहात असं लिहिलंय. वीस वर्षांत एवढी साधी रीत अंगवळणी पडायला हरकत नव्हती.

माग पाहिला नाही म्हणता? मी इचलकरंजीचा. वडील खर्चीवाले यंत्रमागधारक होते. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे आणि मजुरी ‘पिका’वर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर. इंचाला आडवे धागे जास्त बसले की त्याच एका मीटरला जास्त मजुरी, कारण माग तेवढा जास्त वेळ चालतो. शिवाय व्यापाऱ्याचं सूतही जास्त जातं. त्यामुळे एकाच रुंदीच्या, एकाच लांबीच्या दोन ताग्यांचे दोन दर असतात, हे मला शाळेत जायच्या वयात कळत होतं. भिमावरचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळावरचा, धागा तुटला की तो जोडायला मी उभा राहिलेलो आहे. पुढे तिथल्याच डीकेटीई संस्थेत टेक्स्टाइल शिकलो आणि मग स्कॉटलंडमध्ये गॅलाशील्सला हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या वस्त्र विभागात आलो. तिथून सेल्कर्क हाकेच्या अंतरावर आहे. लॉखकॅरन आणि डॅल्ग्लिश या टार्टन विणणाऱ्या दोन्ही गिरण्यांचं ते गाव. तेव्हा वेबसाइटी मी चाळतो, जरूर चाळतो, पण त्यावर लिहिलेलं काय आणि लपलेलं काय हे ओळखण्यापुरतं शिक्षण माझ्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, इचलकरंजीचं सूत सुती आणि इथली लोकर. बरोबर. पण ताणा-बाण्याचं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचं, गणित दोन्हीकडे एकच. टार्टन हा ट्विल (तिरक्या रेषांच्या) विणीचा चौकडा आहे आणि बहुतेक टार्टनांत उभ्या धाग्यांचा रंगक्रम आडव्यातही तसाच यावा लागतो. म्हणजे आडव्या धाग्याचाही रंग सतत बदलत राहतो. आमच्याकडे चौकड्याच्या कापडाला ड्रॉप बॉक्सचा, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) आलटूनपालटून चालवणारा, माग लागायचा, साध्या मागावर ते काम होत नसे. हा पहिला खर्च. दुसरा खर्च भिमाचा. ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्ट्युअर्टसारखा नेहमी खपणारा टार्टन गिरणी लांबच्या लांब विणून ठेवते, त्यातून तुमचे चार मीटर कापून मिळतात. पण तुम्हाला एखादा दुर्मीळ टार्टन हवा असेल, तर हजारो उभे धागे रंगाच्या क्रमाने लावायची मेहनत एका किल्टसाठीही तेवढीच आणि पन्नास किल्टांसाठीही तेवढीच. ऑनलाइन ‘कस्टम’ हा शब्द दिसला की ते कस्टम शिलाईचं आहे की कस्टम विणाईचं, हे आधी विचारा असं मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत की नाही, मला शंका आहे.

तिसरी गोष्ट किनारीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चांगल्या किल्टच्या खालच्या कडेला दुमड नसते. कापडाची स्वतःची किनारच गुडघ्यावर येते. दुमडून शिवली तर मागच्या खोल चुण्यांमध्ये जाडी साठते, चुण्या फुगतात आणि चालताना किल्ट झुलत नाही. धोट्याच्या मागावर आडवा धागा टोकाला वळून परत येतो, म्हणून किनार आपोआप बांधलेली आणि सपाट राहते. रेपिअर या बिनधोट्याच्या मागावर धागा दर फेरीला कापला जातो, मग किनार वेगळी बांधून घ्यावी लागते किंवा टोकं आत वळवावी लागतात. किल्टसाठी म्हणून विणलेल्या कापडात या एका कडेची काळजी घेतलेली असते आणि तिचे पैसे पडतात. इचलकरंजीत धोट्याचे माग भंगारात जाताना मी पाहिले. इथे सेल्कर्कला अशाच जुन्या कामाची किंमत लोक मोजतात हे पाहून मला काय वाटलं असेल, त्याची कल्पना “कापड ते कापडच” लिहिणाऱ्याला येणार नाही.

आता तुमचं ‘तिप्पट’. तुम्ही दिलेले दोन्ही दुवे मी उघडून पाहिले. २५ पौंडांचं कापड ११ औंसांचं, एकेरी रुंदीचं, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. ७५ पौंडांचं १६ औंसांचं, दुहेरी रुंदीचं, साधारण दीड मीटर. किल्टची उंची कमरेपासून गुडघ्यापर्यंत, दोन फुटांच्या आसपास. दुहेरी कापड मधोमध कापलं की दोन पट्टे निघतात आणि जोड एका चुणीच्या आत लपवला जातो. त्यामुळे आठ वारी किल्टला एकेरी कापड ७.३ मीटर लागतं आणि दुहेरी ३.६५. गुणाकार करा. पहिल्याचे १८२ पौंड, दुसऱ्याचे २७४. तिप्पट कुठे गेलं? दीडपट झालं.

अजून एक पायरी. औंसाचा आकडा दुहेरी रुंदीच्या एका वाराचं वजन सांगतो. १६ औंस म्हणजे मीटरला जवळजवळ ५०० ग्रॅम, ११ औंस म्हणजे ३४० ग्रॅम. पहिल्या किल्टमध्ये सव्वा किलो लोकर जाईल, दुसऱ्यात १.८ किलो. किलोमागे पाहिलं तर एकाचा दर १४६ आणि दुसऱ्याचा १५२ पौंड. लोकर तीच, दर जवळपास तोच, फक्त एकात ती जास्त आहे. आणि त्या जास्तीच्या वजनामुळेच चुण्या सरळ पडतात आणि वाऱ्यात किल्ट जागेवर राहतो. दर मीटरवर पाहू नका, रुंदी आणि वजन विचारून पूर्ण किल्टवर पाहा, हेच तर लेखाचं म्हणणं होतं. तुमच्याच दुव्यांनी ते सिद्ध केलं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. सियालकोटच्या कारागिरांबद्दल मी वाईट शब्द लिहिलेला नाही. तिथे बॅगपाइपही बनतात आणि जगभर जातात. माझा आक्षेप स्वस्त किल्टांतल्या अॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याला आहे. लोकरीच्या चुण्या वाफेवर दाबल्या की बसतात, अॅक्रिलिकला तेवढी उष्णता दिली तर ते चमकतं आणि वितळतं. तसा किल्ट खेळण्या-नाचण्यापुरता घ्या, मी अडवलं नाही. भाड्याचा किल्ट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझा लेख शिवून घेणाऱ्यांसाठी होता आणि शीर्षकातच तसं होतं.

क्लॅनबद्दल एवढंच, की स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही २००९ पासून आहे आणि तिच्यात गावांचे, जिल्ह्यांचे, संस्थांचे टार्टनही आहेत. राजघराण्याच्या बालमोरलसारखे राखीव टार्टन सोडले, तर तुमचं आडनाव कोणी विचारत नाही. मी इथे जेवढे समारंभ पाहिले, तिथे मला कोणत्याही स्कॉटिश माणसाने हा प्रश्न विचारलेला नाही. तो एका मराठी माणसाने विचारावा याचं वाईट वाटलं.

तुम्ही ज्या विक्रेत्याची शिफारस केलीत, त्याला तीन गोष्टी लेखी विचारा: कापडाची रुंदी आणि औंस किती, किल्टमध्ये एकूण किती वार जाणार, आणि खालची कड किनारीची आहे की दुमडलेली. कंबर मात्र जीन्सच्या मापाने देऊ नका. किल्ट त्याहून वर, बेंबीच्या रेषेत बसतो. विक्रेत्याचं उत्तर आलं की इथे टाका. आकडे माझ्या विरोधात गेले तरी ते लेखात तुमच्या उल्लेखासह घालीन. पण पुन्हा पहिली ओळ अशीच असेल, तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.