पानांचा कचरा म्हणे!

सोसायटीतला पर्जन्यवृक्ष आज पार बोडका केला. का, तर पानं गाड्यांवर पडतात आणि पक्षी घाण करतात. ग्रुपवर फोटो आला, त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. अर्ध्या तासात त्याच ग्रुपवर त्याच गृहस्थांचा मेसेज, "काय उकडतंय हो यंदा! ग्लोबल वॉर्मिंग!!" फोन भिंतीवर मारणार होते मी.

परवा रात्री पिरंगुटहून लग्न आटोपून सासूबाई आणि मी स्कूटरवरून येत होतो. भूगावपर्यंत त्यांनी पदर कानाभोवती घट्ट घेतलेला. चांदणी चौक ओलांडून कोथरूडकडे उतरलो आणि गरम हवा थेट तोंडावर आली. दहा कधीच वाजून गेले होते. मागून आवाज, "अगं, इथं कुणी चूल पेटवून ठेवलीय का?"

जग तापतंय, मान्य. भूगाव जरा उंचावर आहे, तेही मान्य. पण पंधरा मिनिटांच्या रस्त्यात एवढा फरक? अहो, सिमला ऑफिस आपल्याच पुण्यात आहे, हवामान खात्याची ही कचेरी 1928 साली इथं आली. रोजचे आकडे बघा की जरा. शहराच्या कडेला मोकळ्या जागेतल्या एनडीए, हवेलीकडे रात्री पारा उतरतो, आणि दाट बांधकामाच्या मगरपट्टा, चिंचवड, वडगाव शेरीला कित्येकदा चार-पाच अंश वरच अडकून बसतो.

आता कुणीतरी येणारच सांगायला की पुणं पूर्वीही तापायचं. तापायचं! 30 एप्रिल 1897 ला 43.3 अंश होतं इथं. पण मुद्दा दुपारचा नाहीच, रात्रीचा आहे. मातीची जमीन अंधार पडला की लवकर निवते. डांबर, काँक्रीट आणि भिंती दिवसभराचं ऊन साठवतात आणि रात्रभर सोडत राहतात. इमारती इतक्या खेटून की ती उष्णता आभाळाकडे सुटतही नाही. वर प्रत्येक एसी आपल्या खोलीतली गरमी शेजाऱ्याच्या खिडकीखाली ओततो. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडून हवा गार करतं, ते तर आपण 'कचरा' म्हणून काढलं. लंडनची रात्र आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा गरम असते, हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसानं नोंदी ठेवून दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तेव्हा कुठे होते एसी आणि कुठे मोटारी!

सासूबाईंची ती चूल आपणच पेटवलीय. वर आता उरलेल्या मातीच्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक टाकायचेत, कारण पावसाळ्यात चिखल होतो. होतो चिखल, बरं. पार्किंगही लागतं. पण म्हणून वीतभरसुद्धा माती उघडी ठेवायची नाही? रविवारच्या सभेत मी विरोध नोंदवणार आहे. कपाळावर आठ्या पडल्या तर पडू देत.

चिडून लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता आमचे वॉचमनकाका डोळ्यांसमोर आले. आपण खिडक्या लावून एसीत झोपतो. त्यांची केबिन पत्र्याची, आणि तिच्यामागेच तीन एसींचे डबे गरम हवा फेकत असतात. परवा आम्ही परतलो तेव्हा ते खुर्ची घेऊन गेटबाहेर बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "आत का नाही बसत?" ते नुसते हसले. दांडेकर पूल, जनता वसाहतीतल्या पत्र्याच्या घरांत तर लहान लेकरं झोपतात. त्यांच्या घरी एसी नाही, गाडी नाही, पण आपण केलेली गरमी त्यांच्या वाट्याला आधी.

अहमदाबादेत 2010 च्या उन्हाळ्यात शेकड्यांनी माणसं गेली. त्यानंतर 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेसाठी वेगळा आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंगही दिला. पांढऱ्या रंगावरून बरंचसं ऊन परत फिरतं, खोली थोडी तरी निवते. झाडाची सर त्याला नाही, पण छाटलेलं झाड काही या उन्हाळ्यात सावली देणार नाही.

तर काकांच्या केबिनचा पत्रा मी रंगवून घेतेय, खर्च माझा, कमिटीची परवानगी गेली खड्ड्यात. पत्र्यावर दोन पावसाळे टिकेल असा पांढरा रंग कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि कोथरूडमधला चांगला रंगारी असेल तर इनबॉक्स करा.