गिअरबॉक्स करपवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ऑटोमॅटिक गाडी घेतलीत, अभिनंदन. डावा पाय सेवानिवृत्त झाला. आता तेवढा गिअरबॉक्स मार्गी लावला की झालं. नीट वागवला तर तो दीड-दोन लाख किलोमीटर हूं की चूं करत नाही, आणि सगळेच असे वागले तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी खायचं काय? म्हणून तो वेळेआधी आणि खात्रीने करपवायचा कसा, ते सांगतो.

आधी आग कुठे लागते ते समजून घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो, त्यात समोरासमोर दोन पंखे असतात. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेकतो, दुसरा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो आणि गिअरबॉक्सला गती देतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी इंजिनाची ताकद चाकाकडे न जाता तेल तापवण्यात जाते. गाडी उभी आणि पाय ॲक्सिलरेटरवर, म्हणजे सगळीच्या सगळी तेलात. वर्कशॉपमध्ये स्टॉल टेस्ट (गाडी ब्रेकवर उभी धरून ॲक्सिलरेटर देण्याची चाचणी) करताना 5 सेकंदांच्या वर कुणी ॲक्सिलरेटर दाबून ठेवत नाही, ते याच भीतीने. तुम्ही भिऊ नका. गिअरबॉक्सचं हे तेल 80 ते 95 अंश सेल्सिअसवर सुखात असतं. त्याच्या वर दर 10 अंशांना त्याचं आयुष्य ढोबळ हिशेबाने निम्मं होतं. 120 च्या आसपास आतल्या भागांवर चिकट थर धरायला लागतो, रबरी सील कडक होतात, आणि 150 च्या घरात क्लच प्लेटांचं अस्तर जळतं. आपलं लक्ष्य 150.

सरावाला कपिलेश्वर उड्डाणपूल उत्तम. विसर्जनाच्या दिवसांत संध्याकाळी पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या की ब्रेक विसरा. ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी चढावर जागच्या जागी तोलून धरा. पुढची गाडी वीतभर सरकली की तुम्हीही वीतभर सरका. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र बदलतं) किंवा सुक्या क्लचची डीसीटी (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे तेल तापायची वाटसुद्धा बघावी लागत नाही, क्लच थेट घासतो आणि वासाने लगेच पोच देतो. मागच्या दुचाकीवाल्याने विचारलंच, "काय जळूलंय ओ?" तर शेजारच्या ट्रककडे बोट दाखवा. काही भित्री माणसं ब्रेक दाबून थांबतात, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ देतात आणि मग एका दमात ती जागा भरून काढतात. मागचे हॉर्न वाजवतात तरी बधत नाहीत. अशांचा क्लच वर्षानुवर्षं टिकतो. त्यांच्या नादी लागू नका.

खरी परीक्षा चोर्ल्याला. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत गोव्यात उतरताना लिव्हर न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं असं चुलत्यांनी सांगितलेलं असतंच. गिअरमध्ये राहून पाय उचलला तर इंजेक्टर इंधन पूर्ण बंद करतो आणि न्यूट्रलला मात्र इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोल जळतंच, हा हिशेब चुलत्यांना सांगू नका. न्यूट्रलला इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही. त्यामुळे साखळीला पोचेपर्यंत ब्रेक तापलेले, आणि गिअरबॉक्सचं तेल फिरवणाऱ्या पंपाला इंजिनाचा आयडलचा वेग, चाकं मात्र साठाच्या वेगाने. दोन कामं एका उतारात.

परतीचा चढ हा मुख्य कार्यक्रम. डिकीत काय भरलंय ते आम्ही विचारत नाही. लिव्हर डी वर ठेवा आणि हात मांडीवर. पुढे लोड घेतलेला ट्रक लागला की गाडी तिसऱ्यात जाते, ताकद कमी पडली की दुसऱ्यात येते, जरा मोकळं झालं की पुन्हा तिसऱ्यात. प्रत्येक बदलाला आतल्या क्लच प्लेटा क्षणभर घसरतात आणि प्रत्येक घसरण म्हणजे उष्णता. वेग कमी आणि भार जास्त असल्यामुळे कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे एकत्र जखडणारा लॉक-अप क्लचही लागत नाही, मग दोन पंख्यांमधला फरक चढ संपेपर्यंत कायम. लिव्हर एम, एल किंवा 2 वर नेऊन एकच गिअर पकडून ठेवला आणि इंजिन 2500 ते 3000 आरपीएमवर चढू दिलं, तर बदल थांबतात, घसरण घटते, पंप जास्त तेल कूलरकडे ढकलतो. आवाज तेवढा वाढतो. आवाज वाढला की गाडी रडते असं वाटून मागच्या सीटवरच्या आत्याबाई "हळू रे" म्हणतात, त्यांचा मान राखून डी वरच राहा.

सौंदत्तीच्या पौर्णिमेला पाच जणांच्या गाडीत आठ जण आणि कॅरियरवर शिधा, हे वेगळं शिकवायला नको.

पावसाळ्यात खानापूरकडे तांबड्या चिखलात चाक रुतलं तर डी, आर, डी, आर असा लिव्हर हलवत चाक फिरवत राहा. उतरून चाकापुढे दगड, फांद्या किंवा पायपुसणी घालणं कमीपणाचं.

आता थंडाव्याचा बंदोबस्त करू. गिअरबॉक्सचं तेल बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतून किंवा कूलंट खेळणाऱ्या छोट्या कूलरमधून थंड होऊन येतं. म्हणजे कूलंट बिघडवलं की गिअरबॉक्स आपसूक आलाच. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण सांगितलेलं असतं. तुम्ही बोअरचं पाणी घाला, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पापडी धरतात. पुढे जाळीवर जाडजूड लोखंडी गार्ड, त्यावर चार फॉगलाइट, मधे संघटनेची पाटी. गार्डवर केंद्राची 2017 पासून बंदी आहे, पण पाटी कुठेतरी लावायला हवीच ना. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे चालून पाचोळ्याची कुसं, धूळ आणि किडे एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत गोधडी तयार. ती साध्या धारेने आतल्या बाजूकडून बाहेर धुवायची असते. तुम्ही वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप अगदी जवळ धरून समोरून मारायला सांगा. फिन आडव्या होतात आणि वाऱ्याचा कायमचा बंदोबस्त होतो.

तेलाच्या बाबतीत 'लाइफटाइम फिल', म्हणजे तेल आयुष्यभर बदलायला नको, या शब्दांवर पूर्ण श्रद्धा ठेवा. कुणाचं लाइफ, ते विचारू नये. घाट आणि ट्रॅफिक रोजचं असेल तर जाणकार 40 ते 60 हजार किलोमीटरला तेल बदलतात. तेही एका दमात बदलत नाही. ड्रेन प्लग काढला की निम्मंच, कधी त्याहून कमी तेल येतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत लपून बसतं. सात-आठ लिटरच्या बॉक्समधून तीन-चार लिटर. म्हणून मिस्त्री मधे काही दिवस गाडी चालवायला देऊन पुन्हा काढ-घाल करतात. तुम्ही हे टाळा, किंवा अजून चांगलं, सुट्टं तेल आणा. सीव्हीटीत, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घाला. सीव्हीटीच्या तेलाला पट्टा आणि पुली यांच्यातली पकड सांभाळायची असते, साध्या एटीएफवर पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात. हे काम कुठल्याही घाटापेक्षा लवकर होतं.

पातळीचंही शास्त्र आहे. पुष्कळ गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून, तेल साधारण 35 ते 45 अंशांवर असताना चेक प्लग उघडायचा आणि बारीक धार थांबेपर्यंत सोडायची, असा नियम बऱ्याच कंपन्या देतात. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तापमान स्कॅनरवर दिसतं. तुम्ही अंदाजपंचे ओता. कमी पडलं तर पंप हवा ओढतो. जास्त झालं तर फिरते गिअर ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब येत नाही, दाब नाही तर क्लच घसरतो. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

एवढं करून डॅशबोर्डवर ट्रान्समिशन गरम झाल्याचा दिवा लागतो. सूचना इंग्रजीत असते, त्यामुळे सीमाभागात जिच्यावरून वाद झाला नाही अशी ही एकुलती एक पाटी. कुणीच वाचत नाही. वाचणारे बाजूला घेऊन हँडब्रेक लावतात, पी मध्ये टाकतात, एएमटीला पी नसेल तर न्यूट्रल, आणि इंजिन चालूच ठेवतात, कारण ते चालू असेल तरच पंप तेल कूलरमधून फिरवतो. दिवा जाईपर्यंत थांबतात, मग पुढे एकच गिअर धरून चढतात. इंजिनाचा काटाही लालमध्ये असेल तरच बंद करतात आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाहीत. तुम्ही दिवा लागताच झटकन चावी फिरवा, म्हणजे तापलेलं तेल तापलेल्या जागीच बसेल. नाहीतर "कणकुंबी आलीच की" म्हणत दाबा.

गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोरी बांधून पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत न्या. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतले बेअरिंग कोरडे फिरतात. फ्लॅटबेडवर चढवून न्यायचे पैसे वाचतात, ओव्हरहॉलच्या बिलात भर घालायला उपयोगी पडतात.

शेवटी गाडी विकायची. तेल काळं आणि जळकं झालं असेल तर आदल्या दिवशी तीन लिटर नवं घाला, वास काही दिवस दबतो. स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसून घ्या. पी वरून आर ला टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते, तेव्हा गिऱ्हाईक आलं की लिव्हर तुम्हीच हलवा आणि त्या दोन सेकंदांत कुंदा पुढे करा. ट्रायल कॅम्पातल्या सपाट रस्त्यावर, इंजिन थंड असताना द्या. चंदगडचं गिऱ्हाईक असेल आणि घाट चढून बघतो म्हणालं, तर गाडी डॉक्टरीणबाईंची आहे, घाट तिने कधी बघितलाच नाही, असं सांगा.