माडीवर माल चालतो, मग माणूस का नको?

"दुकानाच्या वर राहणं म्हणजे सरणावर अंथरूण टाकणं. नवी पेठ, चाटी गल्लीतल्या रिकाम्या माड्या तशाच राहू द्या, फार तर गोदाम करा. तिथं राहणं कायद्यात बसत नाही, दुरुस्ती परवडत नाही, आणि भाडेकरू शिरला की जागा गेलीच." असा मजकूर सोलापुरातल्या बहुतेक ग्रुपांवर फिरून गेलाय. खाली अंगठे आणि जोडलेले हात. त्यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून नुसतं खोटं म्हणून सोडून देता येत नाही.

सुरुवात आगीपासून करू. दाखला दिला जातो 18 मे 2025 चा. त्या रविवारी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं. त्याच सकाळी हैदराबादेत, चारमिनारजवळच्या गुलजार हौजला आगीत 17 जण गेले. खाली दागिन्यांची दुकानं, वर घर.

खाली धंदा आणि वर संसार दोन्हीकडं होता, हे कबूल. पण टॉवेल कारखान्यातलं सूत आणि तयार माल ही गोष्ट वेगळी, स्टेशनरीचं दुकान वेगळं. आणि गुलजार हौजला आत-बाहेर करायला एकच अरुंद वाट होती. आगीत माणूस बहुधा ज्वाळेनं नाही, धुरानं जातो. खालचा धूर वर जायला जिनाच शोधतो. जिना दुकानाच्या पोटातून निघत असेल, त्याच्या पायऱ्यांवर खोके रचलेले असतील आणि रात्री शटरला बाहेरून कुलूप असेल, तर तो जिना राहत नाही, धुराडं होतं. मारतो तो हा जिना. वर माणूस राहतो म्हणून आग लागत नाही.

मग गोदाम केलं की धोका गेला का? मला तर हा सल्ला सगळ्यात घातक वाटतो. वरती बारदान, पुठ्ठे, प्लास्टिक, जुनी वायरिंग, आणि रात्री नऊनंतर तिथं चिटपाखरू नाही. ठिणगी पडली तर कळणार कधी? शटर तापल्यावर. पेठेत घराच्या भिंतीला भिंत लागलेली असते, त्यामुळं शेजारच्या माडीवर झोपलेलं कुटुंब या सुरक्षित गोदामाच्या कुशीतच असतं.

सुरक्षित घर करायचं तर पहिली गोष्ट म्हणजे रस्त्यावरून थेट वर जाणारा, दुकानाशी संबंध नसलेला जिना. मागं बोळ असेल तर लोखंडी जिना बाहेरून लावता येतो. दुकान आणि घर यांच्यामधलं छत आग अडवणारं हवं. लाकडी तुळयांवर फळ्या टाकलेली जुनी तक्तपोशी या कामाची नाही. खिडकीला गज हवेतच, पण एक तरी जाळी आतून उघडणारी हवी. वर वेगळा वीजमीटर, वेगळा मेन स्विच. झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म. खाली रंग, थिनर, फटाके किंवा फोमच्या गाद्या विकल्या जात असतील तर मात्र वर घर नको म्हणजे नकोच. मजकुराचा अर्धा खरेपणा तो एवढाच.

कायद्यात बसत नाही, हे सरळ चूक. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत खाली दुकान, वर घर हा वापर चालतो. बसत नाही ते परवानगी न घेता भिंती पाडणं. इमारतीला 30 वर्षं झाली असतील तर महापालिका अधिनियमानुसार स्ट्रक्चरल ऑडिटही करावं लागतं, आणि माळवदाच्या घरात ते आधी करावं. दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर चढवत गेलेल्या छताचं वजन मालकालाही माहीत नसतं.

खर्चाचं खरं दुखणं कुणी बोलत नाही. बांधकामापेक्षा महाग पडतो तो दर्शनी भाग. वेगळा जिना काढायचा म्हणजे नव्या पेठेत दुकानाचे तीन-साडेतीन फूट सोडायचे, आणि तिथं तीन फुटांत एखादा मोबाईलच्या कव्हरांचा धंदा करतो. त्यामुळं एकेकट्या दुकानदाराला हे जड जातं. शेजारी-शेजारी दोन-तीन मालकांनी मिळून एक जिना काढला तर हिशेब बदलतो.

भाडेकरू जागा बळकावतो ही भीती जुन्या पागडीच्या काळातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणं, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सनं दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं (अशा दाव्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडं) जाता येतं आणि दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. गंमत बघा, ही वाट राहण्याच्या जागेला आहे, गोदामाला नाही! जागा जाईल या भीतीनं माडी गोदामाला देणारा मालक कमी संरक्षणाचा रस्ता पकडतो.

"गरिबांना कुंभारीला घरं बांधलीच की," असंही कुणी जोडतं. सोलापूरजवळच्या कुंभारीतली रे नगरची 30,000 घरांची योजना विडी, यंत्रमाग अशा असंघटित कामगारांच्या मालकीच्या घरांसाठी आहे. पेठेतल्या दुकानात रात्री नऊला सुटणाऱ्या सेल्सगर्लला कामाजवळ भाड्याची एक खोली हवी, ही गरज वेगळी.



जिथं काम खरंच अडतं ते त्या मजकुरात नाहीच. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस पुण्यात आणि हैदराबादेत, खाली तिसऱ्या पिढीचा भाडेकरू. एक सही राहिली की माडीला कुलूप. ती सही येईल तेव्हा येईल, तोवर जिन्यावरचे खोके उचलायला आणि वरची वायरिंग तपासून घ्यायला कुठल्याच वारसाची संमती लागत नाही.