तोटा दाखवला म्हणून चोर, नफा दाखवला म्हणून साव?

चुकारे, म्हणजे घातलेल्या मालाचे पैसे, रखडले की कास्तकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच: "ज्या शेतकरी कंपनीने (शेतकरी सभासदांच्या उत्पादक कंपनीने) तोटा दाखवला तिच्या संचालकांनी पैसा खाल्ला असंच समजा. उलाढाल वाढली तर नफा वाढलाच पाहिजे. जी कंपनी नफ्यात आहे आणि जिच्या ताळेबंदावर सीएची सही आहे तिलाच माल घाला."

राग समजू शकतो. पण यवतमाळ-वर्ध्याकडच्या कास्तकाराने हा सल्ला डोळे मिटून पाळला तर तो नेमका चुकीच्या दारात जाऊन उभा राहील.

उलाढालीचा मुद्दा लवकर निकाली निघतो. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, तेवढ्याच गाठी दुप्पट भावाने विकल्या की उलाढाल दुप्पट दिसते, त्याने कंपनीचं काम वाढलेलं नसतं. 2022 च्या मे महिन्यात रुईची खंडी (356 किलो) लाख रुपयांच्या वर गेली होती. वर्ष सरता सरता ती साठ-पासष्ट हजारांच्या घरात आली. ज्याने तेजीत कापूस भरला आणि मंदीत गाठी विकल्या त्याच्या वहीत उलाढाल कोटींची आणि शेवटी तोटा, यात नवल ते काय? 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क तात्पुरतं काढलं, बाहेरची रुई स्वस्त झाली, तेव्हाही ज्याची रुई गोदामात पडून होती त्याच्याच पोटात गोळा आला. असे निर्णय काही गावातल्या संचालक मंडळाला विचारून होत नाहीत.

आता तोटा. जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचं, गणित उताऱ्यावर चालतं. शंभर क्विंटल कापसातून 34 क्विंटल रुई निघेल असं धरून भाव दिला आणि परतीच्या पावसाने, नाहीतर गुलाबी बोंडअळीने कवडी झालेल्या (डागी, कडक) मालाने उतारा 33 वर आणला, तर काय होतं? खंडीला साठ हजारांच्या भावाने एक क्विंटल रुई जवळपास 16,800 रुपयांची. तिच्या जागी एक क्विंटल सरकी जास्त मिळाली, तिचे समजा 3,500. म्हणजे शंभर क्विंटलमागे तेरा हजारांहून जास्त गेले. पाच हजार क्विंटल खरेदी असेल तर साडेसहा लाख, फक्त एका टक्क्यात! वर बँकेचं व्याज: दोन कोटींची सीसी (बँकेची खेळत्या भांडवलाची उचल) 11 टक्क्यांनी सहा महिने वापरली तर 11 लाख. उन्हाळ्यात मशीन बंद असलं तरी महावितरणचं बिल शून्यावर येत नाही.

याचा अर्थ तोट्याआड चोरी होत नाही असा नाही. होते. उतारा मुद्दाम कमी लिहायचा आणि लपवलेली जादा रुई बाहेरून विकायची, ही जुनी रीत आहे. पण ती संशयाने पकडली जात नाही, आकड्यांनी पकडली जाते. शेजारच्या जिनिंगचा त्याच आठवड्यातला उतारा विचारा. वीजबिलातले युनिट आणि बांधलेल्या गाठी ताडून पाहा. युनिट गेल्या वर्षीइतकेच जळाले आणि गाठी मात्र दोनशेने कमी, तर मग संचालकांना बोलतं करा.

खरी मेख नफ्याच्या मुद्द्यात आहे. पैसा पळवणाऱ्याला तोटा दाखवावासा वाटेल, मान्य. पण ज्याची कंपनी गाळात चालली आहे आणि ज्याला बँक, सभासद, पुढची निवडणूक सांभाळायची आहे, तो नफाच दाखवतो. त्यासाठी तिजोरीला हात लावावा लागत नाही, 31 मार्चचा शिल्लक माल पुरतो.

समजा गोदामात 2,000 क्विंटल सोयाबीन आहे, 4,700 ने घेतलेलं. बाजार 4,100 वर आहे. नियम सांगतो की खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी किंमत यांतली जी कमी ती धरा. चेअरमन म्हणतात, "राहू द्या हो 4,700 नंच, भाव येतेच दिवाळीपर्यंत." बारा लाखांचा फरक दाबला गेला. आठ लाखांचा तोटा होता तिथे चार लाखांचा नफा उभा राहिला. शिवाय बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये हाच फुगलेला माल दाखवून उचलही जास्त मिळाली.

पण मार्चचा हा शिल्लक माल एप्रिलमध्ये आरंभीचा माल होतो आणि दाबलेले बारा लाख नव्या वर्षाच्या खर्चात येऊन बसतात. पुन्हा खरा तोटा आठ लाखांचाच झाला आणि पुन्हा चार लाखांचा नफा दाखवायचा असेल, तर आता चोवीस लाख दाबावे लागतात. तिसऱ्या वर्षी छत्तीस. एखादा चेअरमन भला माणूसही असेल, पहिल्या वर्षी त्याला ही लबाडी वाटतही नाही.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत हेच झालं, फक्त मालाच्या जागी बँकेतली शिल्लक होती. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातलं अंतर सुरुवातीला किरकोळ होतं, ते वर्षागणिक वाढत गेलं. सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत कामकाजाचा नफा 649 कोटी दाखवला होता, खरा होता 61 कोटी. बँकेत म्हणून दाखवलेले 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. व्हॉट्सॲपच्या कसोटीवर ही कंपनी उत्तम ठरली असती: नफा भरपूर, आणि ऑडिटर जगभर नाव असलेला.

त्यावरून सहीचा मुद्दा. ऑडिटर सगळी बिलं तपासत नाही, नमुन्याने तपासतो. मार्च अखेरीस चेअरमनच्या भाच्याच्या आडतीवर फाडलेलं विक्रीचं बिल त्याला कागदावर सरळच दिसतं, माल एप्रिलमध्ये परत आला तरी. सहीला किंमत आहेच, पण सही पाहून आतली पानं मिटून ठेवायची नसतात.

त्या पानांत पाहायचं काय? नफा वाढतो आहे आणि त्याच वेळी उधारी (गिऱ्हाइकांकडून येणं), शिल्लक माल आणि बँकेचं कर्ज तिन्ही विक्रीपेक्षा वेगाने फुगत आहेत, तर थांबा. मेसोद बेनीश या प्राध्यापकाने 1999 मध्ये हिशेबातली फिरवाफिरवी ओळखण्यासाठी जे सूत्र मांडलं, त्यातही विक्रीच्या मानाने उधारी किती वाढली हे एक प्रमुख माप आहे. मात्र सरकारी खरेदी करणाऱ्या नाफेडसाठी केलेल्या खरेदीचे पैसे उशिरा आले तरी उधारी फुगते, म्हणून येणं कुणाकडून आहे ते नावानिशी विचारा. छोट्या कंपनीला रोख प्रवाहाचा तक्ता जोडणं सक्तीचं नाही, त्यामुळे हे आकडे दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून स्वतःच काढावे लागतात.

उत्पादक कंपनीच्या आमसभेची नोटीस किमान 14 दिवस आधी यावी लागते आणि तिच्यासोबत ऑडिट झालेला ताळेबंदही. जेवणाआधी दहा मिनिटं हाती दिलेली पुस्तिका चालत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद केव्हा बदलली याची पुसता न येणारी खूण राहावी लागते, आणि ती सोय वर्षभर चालू होती का हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. तेवढा परिच्छेद आमसभेत मोठ्याने वाचायला सांगा, कंपनी नफ्यातली असो की तोट्यातली.