‘खुर्चीत होते तेव्हा गप्प होते’ म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्याच दिवशी तो माहेरच्या, म्हणजे ठाण्याच्या, ग्रुपवर आला आणि रात्री दिरांनीही पाठवला. त्याचा गोषवारा असा: ‘निवृत्त सरकारी अधिकारी पर्यावरणाच्या नावाने गळे काढतायत. खुर्चीत होते तेव्हा हे गप्प होते. हवा-पाणी आता सुधारलंय, जुने नियम हवेत कशाला? नियमांमुळेच ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने गेले. खारफुटी म्हणजे डासांचं आगार आणि तिच्यामुळे तलावांतला गाळही निघत नाही. अमेरिकासुद्धा हे नियम मोडीत काढतेय.’

मी स्वतः एका सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात नोकरी घालवली. म्हणजे मेसेज माझ्याबद्दलच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

गप्प होतो का? सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, असं सेवेच्या वर्तणूक नियमांतच लिहिलंय. पेपरात पत्र लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात नोटीस पडली असती. आम्ही बोलत होतो ते फाइलवर. अमुक नाल्यात अमुक तारखेला एवढं आम्ल, एवढा बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू), परवानगी नाकारावी असं वाटतं, खाली सही. त्या टिपणीवर वर बसलेल्यांनी काय शेरा मारला हे बाहेर कधीच कळत नाही. निवृत्तीनंतर तोंड उघडायची मुभा मिळते आणि तेव्हाच आम्हाला ‘रिकामटेकडे’ म्हणतात. वनसेवेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांचंच बघा. 2023 साली वनसंवर्धन कायदा बदलून त्याची कक्षा आखडली, तेव्हा ही माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. 19 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, जंगल या शब्दाचा 1996 च्या निकालातला व्यापक अर्थच राज्यांनी तूर्त धरून चालावं. नोकरीत असताना त्यांना ही याचिका करता आली असती का?

आता ‘पाणी सुधारलंय’ हा मुद्दा. इथे मला थोडं थांबायचंय.

नाल्याच्या पाण्यात प्राणवायू आहे की नाही हे बघायला फार मोठं यंत्र लागत नाही. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पिपेटने मँगनीज सल्फेट सोडायचं, त्यावर अल्कलीयुक्त आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो, दह्यासारखा. नव्वदच्या दशकात औद्योगिक पट्ट्यातल्या एका नाल्यावर मी लागोपाठ तीन जागी बाटल्या भरल्या आणि तिन्हींत पांढरा साका बसला. शेजारी खाडीत मासे धरणारा एक म्हातारा कोळी उभा होता. त्याने बाटलीकडे बघून विचारलं, “ताई, औषध टाकलं का पाण्यात?” मी म्हटलं, नाही बाबा, पाण्यात काहीच उरलं नाही म्हणून पांढरं दिसतंय. तो काही बोलला नाही. जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

आज कुठे पाणी सुधारलं असेल तर ते आपोआप सुधारलेलं नाही. 1974 चा जलप्रदूषण कायदा आला, 1981 चा हवेचा आला, भोपाळमध्ये माणसं मेल्यावर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्यांच्या धाकाने सामाईक सांडपाणी केंद्रं उभी राहिली. नमुना घेताना तो कारखान्याच्या माणसासमोर दोन भागांत विभागायचा, दोन्ही बाटल्या सील करायच्या, दोघांनी सह्या करायच्या, म्हणजे कोर्टात कुणी उलटू नये. हे सगळं कुणी केलं म्हणून आकडे खाली आले. आपल्याकडच्या आगरी शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. खारं पाणी शेतात शिरत नाही ते बांध आणि उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी झडप) आहे म्हणून. दहा वर्षं पाणी शिरलं नाही, म्हणून बांध काढून टाका, असं तो म्हणणार नाही. बांधाला एक खांड पडली की पुढची किती पिकं जातात हे त्याला माहीत असतं.

आणि नियमांचा फास आवळलाय म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं: 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवला. ज्याची उलाढाल कोटींत आहे, त्याच्यासाठी हा दंड म्हणजे खर्चाच्या वहीतली एक ओळ.

कारखाने नियमांमुळे गेले, म्हणे. कारखान्यांच्या जागी आज आयटी पार्क, मॉल आणि टॉवर उभे आहेत. या पट्ट्यात जमिनीचा भाव काय झाला ते कुठल्याही इस्टेट एजंटला विचारा. त्या भावाला चिमणी लावून रंग बनवण्यापेक्षा जागा विकणं कितीतरी फायद्याचं होतं. कारखाना जायला हेच एक कारण असतं असं मी म्हणत नाही, पण सगळं खापर नियमांवर फोडणं खोटं आहे. नियम पाळले गेले नाहीत की काय होतं तेही आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला आणि जवळजवळ आठ वर्षांनी, 23 मे 2024 ला, पुन्हा एका रासायनिक कारखान्यात झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या घरांतल्या कुणाला विचारा, की तपासणी जास्त होती का कमी.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास खाडीच्या खाऱ्या पाण्यात सहसा अंडी घालत नाही. तो तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत घालतो.

राहिली अमेरिका. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी 2017 मध्ये एकत्र येऊन स्वतःचं जाळं उभं केलं. नियम शिथिल करायचा प्रस्ताव आला की, त्या नियमामागे कुठलं विज्ञान होतं हे ते मुद्देसूद मांडतात. त्यांनाही ‘विरोधी पक्षाचे’ म्हणून हिणवतात. पण ही संस्था 1970 साली स्थापन झाली ती रिपब्लिकन निक्सन यांच्या काळात. पुढे रेगन यांच्या काळात तिचा निधी आणि माणसं कापली गेली, गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि 1983 मध्ये संस्थेच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा रेगन यांनी कुणाला बोलावलं? संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांना. लोकांचा विश्वास परत मिळवायला माजी अधिकारीच लागला. अमेरिकेचं उदाहरण द्यायचंच असेल तर हे पूर्ण द्या.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. नवी मुंबई भरतीच्या पातळीच्या आसपास वसवलेली आहे, म्हणून पावसाचं पाणी साठवायला इथे धारण तलाव केले. त्यांत खारफुटी वाढली, ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, गाळ काढायचं काम रखडतं आणि मुसळधार पावसात भरती आली की लोकांच्या घरात पाणी येतं. ज्यांच्या तळमजल्यावर चिखल येतो त्यांचा राग खरा आहे. पण म्हणून सगळ्या खाडीकाठच्या तिवरांवरचं संरक्षण उठवायचं का? कुठली झाडं तलावाच्या तोंडाशी आहेत आणि कुठली काठावर, गाळ किती फुटांवर आहे, उघाडीची झडप का बसत नाही, परवानगीच्या अर्जाला कुठले नकाशे जोडायचे, हे ज्यांनी वर्षानुवर्षं हाताळलं ते अभियंते आणि वनखात्यातली माणसं याच शहरात पेन्शन घेऊन राहतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये असे एक काका आहेत. मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यांचं दार वाजवा.